शिक्का कोठे मारायचा : महाराष्ट्रातील निवडणूक जाहिरातीचा इतिहास

निवडणुकीच्या जाहिरातीचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा वृत्तपत्रांतील पानभर जाहिराती, दूरचित्रवाणीवरील चित्रफिती आणि त्या तयार करणाऱ्या जाहिरात संस्था यांच्यापासून सुरुवात केली जाते. त्याचे कारण उघड आहे : छापलेले आणि चित्रमुद्रित झालेले साहित्य टिकते, तर गावातल्या भिंतीवर गेरूने रंगवलेला मजकूर पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत धुऊन जातो, आणि जीपवरच्या कर्ण्यातून दिलेली घोषणा ऐकणाऱ्यांच्या तोंडी राहिली तरच मागे उरते. जे टिकले त्यालाच सारे श्रेय देण्याची चूक त्यामुळे सहज होते. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील निवडणुकांचा पट डोळ्यांपुढे ठेवला, तर लक्षात राहिलेली जाहिरात आणि मत मिळवून देणारी जाहिरात या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे वारंवार दिसते, आणि ज्या प्रचाराने खरोखर निकाल फिरवले, त्याचा फार मोठा भाग या न टिकणाऱ्या साहित्यात होता असेही दिसते.

ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या काळात झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या सतरा कोटींहून अधिक होती आणि त्यांतील बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. उमेदवाराचे नाव वाचू न शकणाऱ्या मतदाराला त्याच्या पसंतीपर्यंत कसे पोहोचवायचे, हा मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढील पहिला व्यावहारिक प्रश्न होता, आणि निवडणूक चिन्ह हे त्याचे उत्तर होते. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर खूण करण्याची पद्धत नव्हती. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका योग्य पेटीत टाकायची असे. एवढ्या पेट्या लागल्यामुळे त्या बनवणे हाच एक मोठा उद्योग झाला आणि मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यात अशा बारा लाखांहून अधिक लोखंडी पेट्या तयार करण्यात आल्या. या व्यवस्थेचा प्रचारावर झालेला परिणाम दूरगामी ठरला, कारण पक्षाची ओळख, त्याची जाहिरात आणि मत देण्याची प्रत्यक्ष जागा ही तिन्ही एकाच चित्रात एकवटली. काँग्रेसची बैलजोडी, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती आणि कम्युनिस्टांचा कणीस-विळा ही चित्रे पक्षाच्या नावाआधी घराघरांत पोहोचली, आणि पुष्कळ ठिकाणी उमेदवाराचे नाव ठाऊक नसलेला मतदारही आपण बैलजोडीला मत दिले की झोपडीला, हे न चुकता सांगू शके.

धार्मिक किंवा राष्ट्रीय भावना ज्यांच्याशी जोडलेल्या आहेत अशा वस्तू चिन्हांतून वगळाव्यात, असे आयोगाचे आरंभीचे धोरण होते. तरीही शेतकऱ्याच्या मनात बैलाला असलेले स्थान पाहता बैलजोडी हे काही कोरे चित्र नव्हते. पोळ्याला ज्या घरात बैलाची पूजा होते, त्या घरात हे चिन्ह प्रचाराविनाच ओळखीचे होते. 1969 मध्ये काँग्रेस फुटल्यानंतर बैलजोडी गोठवली गेली आणि 1971 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला गायवासरू मिळाले, तेव्हा मूळ धोरणापासून आयोग बराच दूर आल्याचे स्पष्ट झाले. पुढे 1978 च्या फुटीनंतर त्याच पक्षाला हाताचा पंजा घ्यावा लागला. दहा वर्षांच्या आत दोनदा चिन्ह बदलूनही हा पक्ष 1971 मध्ये आणि 1980 मध्ये मोठ्या बहुमताने निवडून आला, यावरून चिन्हाच्या जुनेपणावरच सारे अवलंबून असते असे म्हणता येत नाही. मात्र नवे चिन्ह कोणाचे आहे हे मतदाराला मतदानाच्या दिवसाआधी निःसंदिग्धपणे कळले पाहिजे, ही अट या दोन्ही वेळी पाळली गेली होती.

ही अट पाळली न गेल्यास काय होते, याचा दाखला महाराष्ट्राने 2024 च्या लोकसभा निवडणुकीत पाहिला. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातील फुटीनंतर घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या पक्षाकडे गेले आणि शरद पवार यांच्या पक्षाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवे चिन्ह घेऊन निवडणूक लढवली. त्याच वेळी मुक्त चिन्हांच्या यादीतील, म्हणजे अपक्षांना मागता येणाऱ्या चिन्हांतील, ट्रम्पेट हे चिन्ह अनेक मतदारसंघांत अपक्षांनी घेतले आणि मराठीत त्याचेही नाव ‘तुतारी’ असेच छापले गेले. दिंडोरीत अशा एका अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली, तरीही पक्षाचा उमेदवार निवडून आला. साताऱ्यात मात्र पक्षाचा उमेदवार 32,771 मतांनी पराभूत झाला आणि तेथे ट्रम्पेट घेतलेल्या अपक्षाला 37,062 मते मिळाली. ही सारी मते चुकून पडली असे सिद्ध करता येणार नाही; पण ज्याने सभा घेतल्या नाहीत आणि ज्याला मतदारसंघात फारसे कोणी ओळखत नव्हते, अशा उमेदवाराला एवढी मते केवळ त्याच्या गुणांवर पडली असे मानणे त्याहून कठीण आहे. पहिल्या निवडणुकीनंतर बहात्तर वर्षांनी, साक्षरता कित्येक पटींनी वाढलेली असतानाही, मतदाराचा हात शेवटी चित्राकडेच जातो, हे त्यातून दिसून आले.

1962 च्या निवडणुकीपर्यंत वेगवेगळ्या पेट्यांची पद्धत मागे पडून एकाच मतपत्रिकेवर शाईचा शिक्का मारण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ झाली, आणि प्रचाराला आणखी एक काम आले : मतदाराला ही नवी कृती शिकवण्याचे. महाराष्ट्रातील प्रत्येक पिढीने ऐकलेली ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ ही घोषणा या कामातून घडली. तिचा शेवट अमुक चिन्हावर शिक्का मारण्याच्या सांगण्याने होतो आणि चिन्हाची जागा मोकळी असल्यामुळे ती कोणत्याही पक्षाला वापरता येते. साहित्य म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नाही, पण प्रचाराची रचना म्हणून ती विलक्षण काटेकोर आहे. ती स्त्री-मतदाराला नात्याने हाक मारते, निर्णय तिच्यावर सोपवल्याचा मान देते, आणि लगेच पुढच्या चरणात त्या निर्णयाचे रूपांतर हाताने करायच्या कृतीत करते. शिवाय यमकामुळे चिन्हाचे नाव अशा जागी येते की ते विसरणे अवघड जावे. पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार करताना देशभरातील सुमारे 28 लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी किंवा अमक्याची आई अशी ओळख दिल्यामुळे त्यांची नावे वगळावी लागली होती. त्या पार्श्वभूमीवर स्त्रीला थेट संबोधून तिला विचार करण्यास सांगणाऱ्या घोषणेचे मोल अधिक जाणवते. 2004 पासून लोकसभेची निवडणूक देशभर मतदान यंत्रावर होऊ लागली, शिक्क्याच्या जागी बटण आले, तरी घोषणेतला शिक्का गेला नाही.

पण चिन्ह आणि घोषणा यांनी मतदाराला वाट दाखवली, तरी त्या वाटेने जावे असे त्याला का वाटावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. ते उत्तर शोधण्यासाठी 1957 च्या निवडणुकीकडे वळावे लागते, कारण मराठी प्रचाराच्या इतिहासात तिच्याइतके समृद्ध प्रकरण दुसरे नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणाऱ्या समितीने चार-पाच महिन्यांत येणाऱ्या निवडणुकीत तोच एक प्रश्न लोकांपुढे ठेवला. समितीत प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी एरवी न पटणारे पक्ष होते आणि ते आपापल्या नावाने लढले, त्यामुळे साऱ्या मतदारांच्या मनावर ठसवता येईल असे एक पक्षनाम या आघाडीला नव्हते. प्रचारशास्त्राच्या दृष्टीने ही मोठीच उणीव होती, आणि ती भरून काढली ती सभा, वृत्तपत्र आणि शाहिरी यांनी.

आचार्य अत्रे यांनी 15 नोव्हेंबर 1956 रोजी ‘मराठा’ हे दैनिक सुरू केले आणि त्याचे मथळे सकाळी वाचून संध्याकाळी सभांतून बोलले जाऊ लागले. त्याहून खोल पोहोचली ती शाहिरी. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावात लोकांची करमणूक करता करता राजकीय शिक्षण देण्याची पद्धत बसवली होती, आणि चळवळीच्या काळात ती थेट उपयोगी पडली. पारंपरिक तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. गण म्हणजे आरंभीची गणेशवंदना आणि वग म्हणजे मुख्य कथानाट्य. अण्णा भाऊंनी गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे यांना वंदन आणले, गौळण गाळली आणि वगाच्या कथानकात गिरणी कामगार, सावकार, मालक आणि पुढारी यांना उभे केले. प्रेक्षकाला ढोलकी, तुणतुणे, झीलकऱ्यांची साथ आणि सवाल-जवाब हे सारे परिचित होते, त्यामुळे नवा आशय ऐकण्यासाठी त्याला कोणतीही नवी सवय लावून घ्यावी लागली नाही. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसाच्या विरहापासून निघून मुंबईवरील हक्काच्या मागणीपर्यंत जाते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगाराचे रोजचे दुःख आणि राज्यरचनेचा वरवर कोरडा वाटणारा प्रश्न यांचा सांधा तिने जुळवला, आणि अग्रलेखांना जे साधले नव्हते ते तिने साधले. प्रचारात खर्ची पडलेल्या पैशाच्या हिशोबात या कार्यक्रमांची नोंद सापडणार नाही, कारण अनेकदा कलापथकाला एका वेळचे जेवण आणि पुढच्या गावापर्यंतचा प्रवास याहून अधिक काही मिळत नसे.

त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः कराडमधून अल्प मताधिक्याने निवडून आले. मात्र याच इतिहासाचा पुढचा भागही तितक्याच गांभीर्याने वाचला पाहिजे. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, समितीचा प्रश्न सुटला, आणि 1962 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या. तेच वक्ते, तेच शाहीर आणि तीच लेखणी उपलब्ध असताना हे घडले. शाहिरांची गाणी लोकांच्या ओठांवर तेव्हाही होती, आजही आहेत. पण ज्या मागणीने त्या गाण्यांना मताचे बळ दिले होते ती पूर्ण झाल्यावर गाणी स्मृतीत राहिली आणि मते दुसरीकडे गेली.

1967 मध्ये दक्षिण मुंबईत झालेली लढत या दृष्टीने आणखी एक गोष्ट शिकवते. मुंबई काँग्रेसवर दीर्घकाळ हुकमत असलेले केंद्रीय मंत्री स. का. पाटील यांच्यासमोर कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिस उभे होते, आणि पाटील यांचा पराभव होऊ शकतो हे त्यांच्या विरोधकांनाही खरे वाटत नव्हते. परमेश्वर आला तरी आपल्याला हरवू शकणार नाही, अशा आशयाचे पाटील यांचे उद्गार प्रसिद्ध झाले, तेव्हा फर्नांडिस यांच्या कार्यकर्त्यांनी ते जसेच्या तसे उचलून भित्तिपत्रकांवर छापले आणि त्यापुढे मतदाराला उद्देशून एवढेच जोडले की, तुम्ही हरवू शकता. या भित्तिपत्रकांत कार्यक्रम नव्हता, आश्वासन नव्हते, उमेदवाराची स्तुती तर नव्हतीच. मतदाराच्या मनातली नेमकी अडचण त्यांनी ओळखली होती : पाटील यांच्याविषयीची नाराजी शहरात होती, पण आपल्या एका मताने काही होईल हा विश्वास नव्हता. तो विश्वास देण्यापलीकडे जाहिरातीने काही करू नये असे ठरवणे, हा त्या प्रचारातील सर्वांत शहाणा निर्णय होता. फर्नांडिस सुमारे 48.5 टक्के मते मिळवून निवडून आले. 1971 मध्ये इंदिरा गांधींनी ‘गरिबी हटाओ’ म्हणून विरोधकांच्या ‘इंदिरा हटाओ’ला दिलेले उत्तर याच जातीचे होते, कारण तेथेही प्रतिपक्षाचेच वाक्य किंचित फिरवून त्याच्या हातून काढून घेण्यात आले.

या काळापर्यंत गावोगावच्या भिंती हे प्रचाराचे सर्वांत मोठे छापील माध्यम होते, फक्त ते छापले जात नसे, रंगवले जाई. निवडणूक जाहीर होण्याआधीच कार्यकर्ते रस्त्यालगतची मोक्याची भिंत चुन्याने पांढरी करून कोपऱ्यात पक्षाचे नाव टाकून ती अडवून ठेवत, आणि एरवी दुकानांच्या पाट्या करणारा गावचा पेंटर नीळ, गेरू आणि काजळीने चिन्ह काढून देई. मुंबईत शिवसेनेने शाखांबाहेरील फळ्यावर खडूने मजकूर लिहून हेच माध्यम बारमाही केले. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत आचारसंहितेची कठोर अंमलबजावणी सुरू झाली, 1995 मध्ये महाराष्ट्राने मालमत्तेच्या विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि रंगवलेल्या भिंती झपाट्याने कमी होऊन त्यांची जागा फ्लेक्सच्या फलकांनी घेतली. शहरे स्वच्छ राहण्यासाठी हे आवश्यक होते. तथापि फलक उभारण्याचा खर्च परवडतो त्यालाच दिसण्याची संधी मिळते, आणि डबाभर रंगावर लढणाऱ्या उमेदवाराचे साधन त्यामुळे हिरावले गेले, ही हानी नोंदवली पाहिजे.

व्यावसायिक जाहिरात संस्थांचे युग ठळकपणे सुरू झाले ते 1984 मध्ये. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दोन महिन्यांच्या आत झालेल्या त्या निवडणुकीत काँग्रेससाठी रिडिफ्यूजन या संस्थेने वृत्तपत्रांत मोठ्या जाहिराती दिल्या. देशाची सीमा उद्या आपल्या उंबऱ्यापर्यंत येईल काय, अशा प्रश्नांतून फुटीची भीती त्यांनी वाचकापुढे उभी केली. काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या आणि या जाहिरातींची कीर्ती झाली. 1989 मध्ये तोच पक्ष, तेच पंतप्रधान आणि तीच संस्था पुन्हा मैदानात उतरली, पण बोफोर्स प्रकरणाने घेरलेल्या पक्षाला 197 जागांवर समाधान मानावे लागले. कौशल्य पाच वर्षांत आटले असे मानण्याचे कारण नाही. पहिल्या वेळी जाहिरात लोकांच्या मनात आधीच असलेल्या भयाला आणि शोकाला शब्द देत होती, दुसऱ्या वेळी ती लोकांच्या मनातील संशयावर दुसरीच भावना चढवू पाहत होती.

2004 च्या ‘इंडिया शायनिंग’ मोहिमेची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, आणि ती बहुधा फार सोपी करून सांगितली जाते. ग्रे वर्ल्डवाइड या संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली ही मोहीम वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांतून सर्वत्र दिसली, सत्ताधारी आघाडी हरली, आणि शेतकरी आत्महत्यांच्या काळात देश झळाळत असल्याचे सांगणारी जाहिरातच पराभवाला कारणीभूत झाली असा निष्कर्ष रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र, जेथे त्या आत्महत्यांची झळ तीव्र होती, शिवसेना-भाजप युतीने 48 पैकी 25 जागा जिंकल्या होत्या. जाहिरातीने सरकार पाडले, हे विधान म्हणूनच जाहिरातीने सरकार आणले या विधानाइतकेच तपासून घ्यावे लागते. तिच्याविषयी एवढे नक्की म्हणता येते की, ती सर्वांच्या लक्षात राहिली आणि तिच्यातील चित्रात आपण कोठे आहोत हे असंख्य मतदारांना सापडले नाही; काँग्रेसने सामान्य माणसाला काय मिळाले असे विचारले, तेव्हा त्या प्रश्नात त्यांना स्वतःची जागा दिसली.

2009 च्या सुमारास राज्यात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, म्हणजे ‘पेड न्यूज’चा, प्रकार उघडकीस आला. असा मजकूर जाहिरात असल्याचे लपवण्यातच त्याचे बळ असते, म्हणून त्याला प्रचाराचे यश म्हणणे गैर आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव छापण्याची कायद्याने केलेली सक्ती ज्या हेतूने आहे, त्या हेतूचाच तो भंग आहे.

2014 च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ हा प्रश्न चित्रफितींतून विचारला आणि काही दिवसांत तो घराघरांत बोलला जाऊ लागला. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या पंधरा वर्षांच्या सत्तेविषयीचा कंटाळा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने रागावून विचारावे तसा सूर यांची त्यात जुळणी होती. पक्षाला 288 पैकी 122 जागा मिळाल्या. पण चारही मोठे पक्ष त्या वेळी स्वतंत्र लढत होते आणि पाच महिन्यांपूर्वीच्या लोकसभा निकालाची लाट ओसरलेली नव्हती, तेव्हा त्या एका वाक्याच्या पदरात किती जागा घालायच्या हे ठरवणे शक्य नाही. पुढे विरोधकांनी तेच वाक्य भाजपच्या सरकारवर उलटवले, कारण ते कोणत्याही पक्षाचे नाव न घेता बोलता येते.

या अलीकडच्या मोहिमांचा अभ्यास करणे सोपे आहे, कारण त्यांच्या चित्रफिती आणि जाहिरातींची पाने हाताशी आहेत. 1957 च्या सभांची पत्रके, कलापथकांच्या गाण्यांच्या वह्या, पत्र्याचे बिल्ले, चिन्ह छापलेल्या मतदान चिठ्ठ्या, रंगवलेल्या भिंतींची छायाचित्रे आणि कर्ण्यावरून दिल्या जाणाऱ्या घोषणांच्या ध्वनिफिती मात्र अजूनही जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी माळ्यावरच्या पेट्यांत पडून आहेत, आणि दरवर्षी त्यांतला काही भाग रद्दीत जातो. ज्या कुटुंबांकडे असे साहित्य असेल त्यांनी ते जवळच्या जिल्हा ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे सोपवावे, आणि ग्रंथालयांनी त्यावर गाव, वर्ष आणि निवडणूक यांची नोंद करून ते अभ्यासकांना खुले करावे.